दार लावा, गारवा जातो

"शेठ, कुठला एसी उघडायचा?" रसिक पंचालने दारातूनच विचारलं, आणि माझ्या नवऱ्याने उत्तर दिलं नाही.

मी आतल्या खोलीत सामायिकाला बसले होते. खाली लोकरीचं आसन, हातात तोंडापुढे धरायची मुहपत्ती, समोर वाळूचं घड्याळ. वाळू संपेपर्यंत संसारातलं काही करायचं नाही आणि कुणाला करायला सांगायचं नाही, हा रोजचा नेम. पालडीतल्या आमच्या इमारतीत सकाळच्या वेळी निम्म्या बायका अशाच बसलेल्या असतात आणि उरलेल्या निम्म्या त्यांच्या दारच्या दूधवाल्याला तोंड देत असतात. रसिकभाईला मी यापेक्षा उशिराची वेळ दिली होती. पण धुळेटी उलटली की अहमदाबादेत एसीवाल्याचा भाव नवरदेवापेक्षा वर जातो. तो येईल ती वेळ. बाहेर त्याने हत्यारांची पिशवी जमिनीवर आपटली.

"शेठ, ऐकायला येतं ना?"

"तुमची बेन सामायिकात आहे," किरीट म्हणाले. "बसा. पाणी घ्या."

"पाणी घेतो की. पण एसी कुठला ते सांगा. हॉलमधला का बेडरूमचा?"

"ते मी नाही सांगू शकत."

"का? घर भाड्याचं आहे?"

झोपाळ्याची कडी एकदा कुरकुरली. मग किरीट अगदी सावकाश, शब्द मोजून ठेवल्यासारखे म्हणाले, "माझा नियम आहे, रसिकभाई. एसीचं मी करत नाही, करवत नाही. बाकी बेन जाणे."

करत नाही, करवत नाही. वाक्य तिथे संपलं. मी पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिले आणि तो आला नाही. जिना उतरताना एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. आमच्या जैनांत शेंबड्या पोरालाही माहीत असतं की पापाला तीन दारं असतात: स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, आणि दुसऱ्याने आपणहून केलेल्याला मनातून बरं म्हणणं, म्हणजे अनुमोदना. साधू तिन्ही दारं लावून घेतात, मनाने, वाणीने आणि कायेने. तीन त्रिक नऊ, म्हणून नवकोटी. संसारी माणसाला तिसरं दार लावून घरात राहताच येणार नाही, सून शेजारी भजी तळणार आणि वास याच्या नाकात जाणार, म्हणून त्याला दोनच. तीन दुणे सहा, सहाकोटी. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते. रोज सकाळी या आसनावर बसून मी स्वतः तेच दोन शब्द म्हणते, करणार नाही, करवणार नाही. इतकी वर्षं म्हणत आले आणि नवातून सहा गेले की किती उरतात हे मला एकदाही सुचलं नाही.

सामायिकात असले विचार करणं हाही दोषच. मनाचे दहा दोष असतात, त्यातले चार-पाच तरी मी त्या सकाळी एका दमात उरकले. घड्याळात निम्मी वाळू बाकी होती. उठता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, आणि बाहेर रसिकभाई पाणी पिऊन मोठ्याने ढेकर देत होता. मी डोळे मिटून घेतले, तर गेल्या वर्षीचा उन्हाळा समोर येऊन बसला.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या अंगात चूल पेटलेली होती. बायकांना त्या वयात होतं ते. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता मानेवरून घाम उतरायचा आणि मुली एकमेकींकडे बघायच्या. रात्री मला अठरा आकडा लागायचा. किरीटना सव्वीसच्या खाली दात वाजायचे. भर उन्हाळ्यात माणूस गोधडी घेऊन झोपतो म्हणजे काय! ते गोधडीतून फक्त नाक बाहेर ठेवून म्हणायचे, "पारुल, मढं ठेवतात तिथंही इतका गारवा नसतो." मी म्हणायचे, "मढं तक्रार करत नाही." असं रोज चालायचं आणि त्यात खरं भांडण नव्हतं, पण एका रात्री ते झालं. त्यांनी आकडा वाढवला, मी कमी केला, त्यांनी वाढवला. रिमोट ओढाओढीत खाली पडला. "एक दिवस हा एसीच सोडून देईन," ते म्हणाले. "सोडा ना," मी म्हटलं, "धरून कोण बसलंय."

दुसऱ्या दिवशी अखात्रीज, म्हणजे अक्षय्य तृतीया. माझी नणंद विलासबेन, तिचं वर्षीतपाचं पारणं होतं. वर्षभर एक दिवसाआड उपास केलेली बाई, सगळं गोत्र तिला उसाचा रस पाजायला गोळा झालेलं. मला शाळेत पेपर तपासायला बसवलं होतं, मी पोचले तेव्हा महाराजसाहेबांचं, म्हणजे आमच्या साधूंचं, व्याख्यान उठलेलं होतं. उपाश्रयाच्या पायरीवरच कुणीतरी मला म्हणालं, "किरीटभाईंनी तर कमाल केली, एसीचा नियम घेतला, तोही जावज्जीव." जन्मभराचा! मग आठवडाभर घरात माणसं येत होती. तपाचं, त्यागाचं कौतुक करायचा आमच्यात ठरलेला शब्द आहे, तो सगळे म्हणत होते, "खूब खूब अनुमोदना." चाळीस घरांतल्या माणसांनी माझ्या नवऱ्याला अनुमोदना दिली. मी दिली नाही. मी चहा केला. मला स्पष्ट दिसत होतं की हा त्याग नाही, रुसवा आहे, आणि रुसव्याला महाराजसाहेबांचा शिक्का मारून आणलाय. नियमाशी कुणी भांडू शकत नाही, बायको तर नाहीच.

त्या रात्रीपासून ते हॉलमध्ये झोपाळ्यावर झोपू लागले. माझं अंग थंड झालं आणि पलंग रुंद झाला. मला वाटलं होतं बरं वाटेल, हातपाय पसरून झोपता येईल. एसीच्या आवाजात बाकी काही ऐकू येत नसे, पण मधेच तो दमल्यासारखा थांबायचा, आणि त्या शांततेत बाहेरून झोपाळ्याच्या कडीची कुरकुर यायची. माणूस झोपलेला असला तर झोपाळा हलत नाही. हे मला कळत होतं. मी पुन्हा एसी सुरू व्हायची वाट बघायचे, म्हणजे ते ऐकू येणार नाही. सकाळी त्यांच्या पाठीवर घामोळं उठलेलं असायचं. मी पावडर लावून द्यायचे, ते "हळू" म्हणायचे, आणि आमच्यातला दिवसभराचा स्पर्श तेवढाच. दोन महिने. पहिला पाऊस पडून हवा निवल्यावर ते परत आत आले, एक शब्द न बोलता, आणि मीही काही विचारलं नाही. आता पुन्हा ऊन चढायला लागलं होतं. मी रसिकभाईला फोन केला तो जड हातानेच. एसी तयार करणं म्हणजे नवऱ्याला बाहेर घालवायची तयारी करणं, असा त्याचा माझ्यापुरता अर्थ झाला होता. आणि जन्मभराचा नियम म्हणजे आता दर उन्हाळा असाच. छप्पन्नाव्या वर्षी एकटीने झोपायची मला अजिबात इच्छा नव्हती. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण खरं तेच होतं.

आणि ती उशी. तिचा मला सगळ्यात जास्त राग यायचा. झोपाळ्यावर जन्म काढायचा तर उशी तिकडे ठेवावी ना माणसाने? नाही. रोज सकाळी ते उशी आणून पलंगावर आपल्या जागी ठेवायचे, चादर सारखी करायचे, आणि रोज रात्री मी एसी लावून आडवी झाले की दारात येऊन विचारायचे, "उशी घेऊ का?" मी म्हणायचे, "घ्या ना, मी कुठे बांधून ठेवलीय?" मग आत यायचे, उशी उचलायचे, आणि ती छातीशी धरून उगीच उभे राहायचे. मला वाटायचं, त्याग दाखवतायत. बघ, कसा निघालोय उकाड्यात. मग मीच कूस बदलून म्हणायचे, "दार लावा, गारवा जातो." ते जायचे आणि बाहेरून दार ओढून घ्यायचे.

वाळू संपली. मी सामायिक पारलं, म्हणजे विधीने पुरं केलं, आसन गुंडाळलं आणि बाहेर आले.

"चला, उघडा बेडरूमचा," मी रसिकभाईला म्हटलं. किरीट पेपरात तोंड घालून बसले होते. पेपर उलटा नव्हता एवढंच.

एसी उघडताना आमच्याकडे आधी मी मऊ झाडणीने आतून हलकेच झाडून घेते, कोळी असतात, बारीक जीव असतात, त्यांना बाहेर जायला वेळ द्यावा लागतो. हवेतल्या जिवांचं काय, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही. पाप करते तर निदान हात राखून करते. गॅलरीतल्या बाहेरच्या यंत्रात कबुतरांनी काड्या आणून टाकल्या होत्या. अंडी नाहीत ना, हे मी वाकून दोनदा पाहिलं. मग बादलीवर फडकं बांधून पाणी गाळायला लागले.

"झालं," रसिकभाई म्हणाला. "बेन, तुमच्या घरी एसीलासुद्धा गाळीव पाणी. मी माताजीला सांगून ठेवलंय, पुढच्या जन्मी मला पालडीतल्या जैनाकडचा एसी कर."

"मग वर्षातून एकदाच आंघोळ मिळेल."

"आत्ता कुठे रोज मिळते! आमच्याकडे टँकर येतो तेव्हा आधी म्हशीचा नंबर." त्याने यंत्राखाली प्लॅस्टिक बांधलं आणि फवारा सोडला. काळं पाणी बादलीत उतरायला लागलं, आणि खोलीभर वास आला. ओल्या धुळीचा, जुन्या लोखंडाचा, आणि त्यात कुठेतरी माझ्या त्या पावडरीचा. गेल्या उन्हाळ्यातली हवा आत कोंडून राहिली होती आणि आता धुऊन निघत होती. मला एकदम रडू येईलसं वाटलं. मी पदराने नाक धरलं, म्हणजे रसिकभाईला वाटावं की वास सोसत नाही.

"गॅस उतरलाय, बेन."

"तो दरवर्षी उतरतो. आमचं वय चढतं आणि तुमचा गॅस उतरतो."

"खोटं नाही बोलत, मीटर लावून दाखवतो."

"लावा मीटर," मी म्हटलं आणि फोन घेऊन स्वैपाकघरात गेले. तिथला नळ थोडा सोडून ठेवला, मग लगेच बंद केला. पाणी वाया घालवून गुपित राखायचं म्हणजे आणखी एक दोष.

विलासबेनने फोन उचलला तो मागे मिक्सर चालू ठेवूनच. "बोल ग पारुल."

"विलासबेन, तुमच्या भाईंनी नियम घेतला तेव्हा तुम्ही समोर होतात ना?"

"समोर म्हणजे! माझंच पारणं आणि मी नसेन? का ग, मोडला की काय त्याने?"

"नाही मोडला. शब्द काय होते?"

मिक्सर बंद झाला. "शब्द कसले? महाराजसाहेबांनी विचारलं, किरीटभाई, सहाकोटी घेता की नवकोटी? तुला माहितीये ना आमचा भाई, एकदा घेतलं की शेवटपर्यंत. मला वाटलं, हा आता नवकोटीच घेतो. सगळे त्याच्याकडे बघत होते ग. तर मान खाली घालून म्हणाला, नाही साहेब, सहाच. घरात माणसं आहेत."

"कुठली माणसं?"

"कुठली म्हणजे? तूच! लेक सुरतेला दिल्यावर तुमच्या घरात दुसरं आहे कोण? लोक हसले पण. मी म्हटलं, बायकोचा गुलाम, धर्मातसुद्धा बायको घेऊन बसतो."

"मग हे मला का नाही सांगितलंत?"

"नवराबायकोत मी कशाला तोंड घालू? आणि तू गणिताची बाई. मला वाटलं, तू कधीच मांडून बसली असशील." तिने मिक्सर पुन्हा सुरू केला.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. समोर सकाळचे खाखरे डब्यात भरायचे राहिले होते, ते भरले. रुसव्यात उठून गेलेला माणूस, रागाच्या भरात जन्मभराचा नियम घ्यायला उभा राहिलेला, आणि ऐन वेळी सगळ्या गावासमोर त्याने माझ्यासाठी नवातली तीन घरं, अनुमोदनेची, मोकळी ठेवली. मी आपल्या हाताने एसी लावावा, मी आपण होऊन म्हणावं, या, आणि त्याने यावं. नियमाला धक्का नाही. मग बोलला का नाही हा मुखदुर्बळ माणूस? आणि लगेच मला त्याचंही उत्तर मिळालं, आणि ते मिळाल्यावर मला इतका संताप आला की खाखरा हातातच मोडला. तो बोलू शकतच नव्हता. "तू लाव, मी येतो," असं म्हणणं म्हणजे लावायला सांगणं. नुसतं "मला यायची मोकळीक आहे" म्हटलं तरी ते सुचवणं, आणि सुचवणं म्हणजे करवणं. तीन घरं माझ्यासाठी उघडी ठेवली आणि त्यांचा पत्ता मला द्यायची बंदी स्वतःवर घालून घेतली. अशी चूक आमच्यातलाच माणूस करू जाणे! दुसऱ्या कुठल्या नवऱ्याने एक तर नियम मोडला असता, नाहीतर बायकोला डोळा मारला असता. हा दोन महिने रोज रात्री दारात येऊन विचारत राहिला, उशी घेऊ का. एवढंच त्याला विचारता येत होतं. आणि मी काय म्हणत होते? दार लावा.

पण मला पूर्ण खात्री नव्हती. विलासबेन तिखटमीठ लावते. आणि माणूस मोकळीक ठेवतो आणि मग त्याला झोपाळाच आवडायला लागतो, असंही होतं. मी तशीच हॉलमध्ये गेले.

"अहो, तुमच्या नियमाचे शब्द काय आहेत?"

पेपर खाली आला. "नियम तो नियम."

"शब्द विचारतेय मी."

"सांगता येत नाहीत."

"का?"

किरीटनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. साठी ओलांडलेल्या माणसाचे कान लाल झालेले मी प्रथमच पाहत होते. लग्नाआधी मला बघायला आले तेव्हा झाले होते, त्यानंतर आत्ता. "सांगितलं," ते म्हणाले, "तर सांगितल्यासारखं होईल."

मी हसले नाही. मला हसू आणि राग दोन्ही एकदम आलं होतं आणि कुठलं आधी बाहेर पडेल याचा भरवसा नव्हता. "रोटली करते," मी म्हटलं.

जेवणं झाली. रसिकभाईला मी गॅलरीतच ताट दिलं, तो बाहेरच्या यंत्राला पाठ टेकून जेवला, कांदा नाही म्हणून कुरकुरला आणि दोनदा डाळ मागून घेतली. बाहेर ऊन डांबरावर उतरलं होतं. मीटर लावून गॅस खरंच उतरलेला निघाला, तेव्हा त्याने मला तीनदा ऐकवून घेतलं आणि मग भरायला बसला. "बेन, चालू करा आतून," तो ओरडला. "मी इथून बघतो."

मी रिमोट कपाटातून काढला. सेल नवे घातले. हे सगळं मी करत होते, माझ्या हाताने, माझ्या इच्छेने, कुणी सांगितलं म्हणून नाही. हे मी मनात नीट म्हणून घेतलं, उद्या कुणी हिशोब विचारला तर. आकडा अठरावरच होता, गेल्या वर्षी सोडला तिथे. यंत्राने आधी उसासा टाकला, मग खरखरलं, मग त्याची पट्टी हलली आणि कोमट हवा आली, आणि हळूहळू तिला धार चढली. मी पलंगाच्या कडेला बसले.

दुपारच्या झोपेची त्यांची वेळ झाली होती. ते दारात आले.

"उशी घेऊ का?"

"नको," मी म्हटलं.

त्यांनी चौकटीवर हात ठेवला. मला वाटलं होतं माझा आवाज कडक निघेल, तयारी तशीच केली होती, पण तो नीट निघालाच नाही. "उशी राहू दे तिथं. तिला रोज ने-आण करून तिचा कापूस गेला. एसी मी लावलाय. मला हवा म्हणून लावलाय. तुम्ही काही सांगितलेलं नाही. आणि मला इथे एकटीला करमत नाही."

ते तसेच उभे. आतली हवा त्यांच्या बाजूने बाहेर हॉलमध्ये चालली होती, मला ती माझ्या पायांवरून जाताना कळत होती. मी खिडकीकडे तोंड केलं, कारण त्यांच्याकडे बघत हे वाक्य म्हणणं मला शक्य नव्हतं.

"दार लावा. गारवा जातो."

कडी सरकली. पावलं ऐकू आली, आणि पलंग त्यांच्या बाजूने दबला. दार त्यांनी आतून लावलं होतं.

 ते उशीवर तळवा ठेवून बसले होते. सहाकोटीत हे चालत होतं, पण हे नुसतं नाइलाजाने बसणं होतं की आणखी काही, हे मला अजून कळायचं होतं, आणि विचारणार कसं? तेवढ्यात गॅलरीच्या काचेवर रसिकभाईने पान्ह्याने टकटक केलं. काचेला नाक लावून त्याने आत पाहिलं, त्याला शेठ दिसले, आणि सकाळी उत्तर मिळालं नव्हतं तरी त्याने पुन्हा त्यांनाच मोठ्याने प्रश्न टाकला.

"काय शेठ, लागतंय का गार?"

 सकाळी याच माणसाला किरीटनी साधं यंत्र दाखवायला नकार दिला होता. मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. यंत्र चालू होतं.

"लागतंय," किरीट म्हणाले. मग थोडं थांबून, काचेपलीकडे ऐकू जावं अशा मोठ्या आवाजात, "बरं वाटतंय हो, रसिकभाई. फार बरं वाटतंय."

मी रिमोट उचलला आणि कुणी न सांगता आकडा चोवीसवर नेऊन ठेवला.